रजयांची पेटी

लाकूड आणायला मी कापडी पिशवी घेऊन गेलो होतो. एवढ्यावरून माझ्या सुतारकामाच्या पूर्वतयारीचा अंदाज तुम्हाला यायला हरकत नाही.

वखारवाल्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय हवंय?”

“फळ्या. रुंद. चांगल्या मुरलेल्या.”

“कशाला?”

“पेटी करायचीय. रजया ठेवायला.”

“तयार मिळतात की पेट्या.”

“मिळतात. पण मला स्वतःच्या हाताने करायचीय.”

त्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली. “नुकतेच रिटायर झालात वाटतं. येतो अधूनमधून एखादा तुमच्यासारखा. मागे एक जण होडी करणार होता.”

“मग? केली?”

“त्या फळ्यांवर आता त्याची बायको कुंड्या ठेवते.”

फळ्या त्याने हातगाडीवर घालून पाठवल्या. मी रिकामी पिशवी घेऊन मागून चालत आलो. भुताच्या गोष्टीची सुरुवात अशी करतात का, मला माहीत नाही. पण झाली ती अशी.

माझी सगळी नोकरी कागदात गेली. आलेला कागद उजवीकडून घ्यायचा, डावीकडून सोडायचा आणि मधल्या काळात त्याच्यावर शिक्का मारून तो अजून जिवंत असल्याची त्याची खात्री पटवायची. निरोपाच्या समारंभात साहेबांनी माझ्या ‘भरीव कामगिरी’चा उल्लेख केला. घरी येताना मी विचार करून पाहिलं, तर हातात धरून दाखवता येईल अशी एकही भरीव वस्तू मला आठवेना. तरी पेटी करायचं खरं कारण हे नव्हतं. खरं कारण माझी बायको.

हिला दमा. मुलगा लहान असताना जडला आणि मग घरातल्याच माणसासारखा राहिला. फक्त घरातली माणसं निघून गेली, तो गेला नाही. त्याचा आवाज मला पाठ होता. श्वास आत जाताना काचकागद घासल्यासारखी खरखर आणि बाहेर येताना शेवटी एक बारीक शीळ, लांब कुठेतरी कुणी किटली आचेवर विसरून गेल्यासारखी. शीळ ऐकू येत असेल तर औषधाच्या पंपाचे दोन फवारे पुरायचे. शीळ थांबली, आणि नुसते खांदे वरखाली होऊ लागले, की गाडी बोलवायची. गाडीत मी तिचा हात धरून बसायचो आणि मनातल्या मनात तिच्यासाठी श्वास घ्यायचो. त्याचा उपयोग शून्य. पण दुसरं काय करणार?

“धूळ,” डॉक्टर म्हणाले होते. “घरात सगळ्यात जास्त धूळ कुठे असते?”

मी माझ्या पुस्तकांचा बळी द्यायला तयार होतो, तेवढ्यात ही म्हणाली, “माळ्यावरच्या रजयांत.”

ते खरंच होतं. थंडी सुरू झाली की रजया खाली यायच्या आणि ही अंथरुणाला खिळायची. मागच्या थंडीत नुसते खांदे हलायची पाळी आली. डॉक्टर मला बाहेर घेऊन हळूच म्हणाले, “पुढच्या वेळी जरा लवकर आणा.” ‘पुढच्या वेळी’ हे शब्द ते इतक्या सहजतेने बोलले, की तेव्हाच मी ठरवलं. रजयांना एक पेटी हवी. धुळीचा कण आत जाणार नाही अशी. बाजारातल्या पेट्यांची झाकणं मी पाहिली होती. त्यांच्या फटीतून धूळच काय, धुळीचे नातेवाईकही गेले असते.

मुलगा परगावी गेल्यापासून मागची खोली रिकामी होती. तिथे मी करवत, रंधा, पटाशी आणि एक शिकवणारं पुस्तक घेऊन बसलो. लाकूड माणसासारखं असतं, असं त्या पुस्तकात लिहिलं होतं. मला ते साहेबासारखं वाटलं. त्याच्या कलाने रंधा मारला तर गुळगुळीत, उलटा मारला की ओरखडे. पहिल्या दोन बाजू कापून शेजारीशेजारी ठेवल्या, तेव्हा त्या एकाच पेटीच्या आहेत यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

आणि धूळ! खोलीत भुश्शाचा नुसता सडा. दारावर मी ओली चादर टांगली आणि हिला आत यायची बंदी केली. ही चादरीपलीकडे उभी राहून माझी चौकशी करायची.

“अहो, सुतार!”

“काय?”

“धूळ नको म्हणून पेटी करताय ना?”

“हो.”

“मग आत काय गिरणी घातलीय का?”

आणि हसायची. हसता हसता खोकला लागायचा आणि मग चादरीपलीकडे ती शीळ. मी हातातला रंधा तसाच धरून, ती थांबेपर्यंत उभा राहायचो. हिचं हसणं पूर्ण झालेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ते नेहमी मध्येच तुटायचं.

हळूहळू हात बसला. खाचेत खाच अडकवून सांधे जमायला लागले. चारी बाजू उभ्या राहिल्या, तळ बसला, गुण्या लावून पाहिला तर कोपरे काटकोनात. आता झाकण. बिजागऱ्या लावल्या की मागे फट राहते, म्हणून मी डब्यासारखं वरून सरकत बसणारं झाकण करायचं ठरवलं. पुस्तकात लिहिलं होतं, झाकणाला थोडी मोकळीक ठेवा. ‘थोडी’ म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. मोघम सूचना आली की ती नसल्यासारखीच धरायची, ही आमच्या खात्याची शिस्त. मी झाकण काचकागदाने घासत गेलो, बसवून पाहत गेलो, पुन्हा घासत गेलो. शेवटी असं जमलं की काय सांगू! झाकण वर ठेवून सोडून द्यायचं. ते पडायचं नाही. आतली हवा त्याला तोलून धरायची आणि ते आपल्या वजनाने सावकाश, अगदी सावकाश खाली सरकायचं. कडेने हवा बाहेर पडायची... हुस्स्स... आणि मग नुसतं टेकल्याचा एक मऊ आवाज.

मी ते इतक्या वेळा केलं की ही बाहेरून म्हणाली, “एवढे सुस्कारे कुणासाठी चाललेत?”

आता एकच पाहायचं राहिलं होतं, फट खरोखर कुठेही नाही ना. पुस्तकात उपाय होता: खोलीत अंधार करा, आत दिवा ठेवा आणि बाहेरून उजेड दिसतो का पाहा. पण मागच्या खोलीत दुपारचं ऊन भसाभसा येतं आणि खिडक्यांची दारं नीट लागत नाहीत. मी विचार केला, उजेड बाहेर आहे तर बाहेर असू दे. मग पाहणारा आत हवा. तर्क बिनचूक होता. नोकरीत असे बिनचूक तर्क मी आयुष्यभर वर पाठवले आणि ते मंजूरही झाले.

मी स्वतः आत बसायचा प्रयत्न केला. गुडघे मावले, तर डोकं मावेना. डोकं घातलं, तर गुडघे. ही चादर बाजूला करून पाहत होती. तोंडाला पदर लावलेला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

“बाहेर या. तुटेल पेटी. मी बसते.”

“तू? भुस्सा आहे आत.”

“पुसून घ्या. मी मावते. बघू तर खरं, माझ्या रजया कशा राहणार आहेत ते.”

ती अंगाने लहानशी. पेटी पुसली, ती आत गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि वर पाहून म्हणाली, “लावा.”

मी झाकण ठेवलं. ते सावकाश खाली आलं. हुस्स्स.

“दिसतंय का कुठे?” मी लाकडाला तोंड लावून विचारलं.

“डाव्या कोपऱ्यात एक ठिपका...” आवाज खूप लांबून आल्यासारखा. “नाही. गेला.”

“आणि मागे?”

“काळोख आहे हो. चांगला.”

“पायाकडे बघ.”

ती काही बोलली नाही.

“पायाकडे, म्हटलं.”

नाही.

मी झाकणाच्या कडा धरून वर ओढलं. ते हललं नाही. जे झाकण हवेवर तरंगत खाली आलं होतं, ते आता आतून कुणी गिळून धरल्यासारखं बसलं होतं. मी जोर लावला. सगळी पेटीच फरशीवरून उचलली गेली आणि हिच्या वजनाने पुन्हा टेकली. मी हाका मारल्या. नखं लावली. पटाशी शोधली, सापडली, हातातून पडली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात भुश्शाचे कण शांतपणे तरंगत होते, आणि पेटीतून काहीही ऐकू येत नव्हतं. खरखर नाही. शीळ नाही. मी शेवटी पेटीवर दोन्ही हात टेकले, आणि मला वाटतं, मी तिच्यासाठी श्वास घेत होतो...

तेव्हा झाकण उचललं गेलं. मी ओढलं नव्हतं. माझ्या तळहातांखाली ते आपण होऊन वर आलं, एखादं हलकं झाकण आतल्या वाफेने वर यावं तसं. मी ते बाजूला सारलं.

ही तशीच बसली होती. डोळे मिटलेले, केसांत एक ढलपी अडकलेली, आणि चेहऱ्यावर हसू.

“अगं, किती हाका मारतोय!”

“ऐकू आल्या की,” डोळे न उघडता ती म्हणाली. “उत्तर द्यावंसं वाटेना. इतकं बरं वाटत होतं.”

मग ती उठली. माझ्या हाताचा आधार न घेता पेटीबाहेर पाय टाकला, वळली, झाकण स्वतः उचललं आणि पेटीवर ठेवलं. ते खाली जाईपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“उघडू नका आता,” ती म्हणाली. “छान झालीय.”

त्या संध्याकाळी तिने घर झाडलं. कोपरान् कोपरा. मी पंप हातात घेऊन तिच्या मागे मागे फिरत होतो आणि ती मला केरसुणीने बाजूला व्हा म्हणत होती. जिन्यावरून पाण्याची बादली घेऊन वर आली. शेजारणीने काहीतरी सांगितलं, त्यावर हसली. ते हसणं मी दारात उभं राहून ऐकलं. ते सुरू झालं, वाढलं, वर चढलं, आणि आता तुटेल म्हणून मी थांबलो, तर ते आपलं आपण उतरत उतरत पूर्ण झालं.

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी आला असतात, तर तुम्हाला वाटलं असतं की या माणसांना काहीतरी घबाड मिळालंय. ही कामं करताना गुणगुणायची. सकाळी फिरायला जाताना माझ्यापुढे चालायची आणि कोपऱ्यावर थांबून म्हणायची, “या, या, सावकाश या, वयच झालं तुमचं.” मी पुस्तक वाचून दाखवायचो, ती भाजी निवडत ऐकायची आणि मी चुकीच्या ठिकाणी थांबलो की तिथे कसं वाचायचं ते सांगायची. एवढ्या सुखात माणूस प्रश्न विचारत नाही.

प्रश्न दुपारी आला. जेवून मी आडवा झालो होतो, आणि मागच्या खोलीतून मला ती ऐकू आली. खरखर... आणि शेवटी बारीक शीळ. मी पंप घेऊन धावलो. खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात ही स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे पुसत होती, गुणगुणत.

“काय झालं?” तिने वरून विचारलं.

“काही नाही.”

मी मागच्या खोलीत परत गेलो. ऊन, भुश्शाचा वास, पॉलिश केलेली पेटी. मी तिच्या कडेला कान लावला. लाकूड गार होतं. आत... कुणीतरी श्वास घेत होतं. तोच. इतक्या वर्षांचा, मला पाठ असलेला. स्वयंपाकघरातून येणारं गुणगुणणं एका कानात आणि ही शीळ दुसऱ्या कानात, असा मी बराच वेळ तिथे ओणवा होतो.

लाकूड आवाज करतं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते वाक्य पुन्हा काढून वाचलं आणि त्यावर समाधान मानलं.

हिला मी डॉक्टरांकडे नेलं. ती नको म्हणत होती. आमचे डॉक्टर जुने. त्यांनी नळी कानाला लावली, हिच्या पाठीवर टेकवली, ऐकलं. चेहरा उजळला.

“वा! काही म्हणजे काही ऐकू येत नाही.” मग नळी सरकवली. “मोठा श्वास घ्या.”

हिचे खांदे वर गेले.

“हं. आणखी मोठा.” डॉक्टरांनी नळीच्या तोंडावर टिचकी मारली, स्वतःच्या छातीला लावून पाहिली, मान हलवली आणि पुन्हा हिच्या पाठीला लावली. या वेळी बराच वेळ ऐकलं. मग नळी काढून गळ्यात टाकली आणि थोडं जास्तच मोठ्याने हसले. “छाती एकदम स्वच्छ. इतकी स्वच्छ छाती मी... बरं. औषधं बंद करायला हरकत नाही.”

जिना उतरताना ही म्हणाली, “डॉक्टर म्हातारे झाले हो.”

रजया मात्र माळ्यावरच राहिल्या. पेटीत ठेवायचा विषय हिने काढला नाही, मीही काढला नाही. मनापासून केलेली, पण जिच्यात काहीही ठेवायचं नाही अशी ती जगातली एकमेव पेटी असावी. आमच्या खात्यात मात्र अशा पुष्कळ होत्या.

मग हिचा धाकटा भाऊ आला. वीज खात्यात होता तो; कुठलीही वस्तू दिसली की उघडून पाहायची, ही त्याची जुनी खोड.

“भावोजी, ही तुम्ही केलीत?” त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली. “एवढ्या वेळात मी घर बांधलं असतं.”

“तुझं घर पाहिलंय मी. जिना करायचा विसरलास आणि मग बाहेरून चिकटवलास.”

“पण पडला का अजून? ताई, अगं, यांना पेटीचं वेड लागलंय, तू काही बोलत नाहीस?”

ही चहाचे कप घेऊन दारात आली होती. “बरं आहे ना, घरात तरी असतात. तुला साखर कमी...”

त्याच वेळी तिच्या भावाने दोन्ही हातांनी झाकण उचललं.

ही थांबली. शब्दात थांबली. हातात ट्रे, एक पाय उंबऱ्याच्या आत, ओठ पुढच्या अक्षरासाठी किंचित उघडलेले. कपांतली वाफ वर जात होती, पदराचं टोक वाऱ्याने हलत होतं. तेवढंच हलत होतं. डोळे माझ्याकडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

“रिकामी आहे की हो!” त्याने पेटीत डोकं घातलं होतं; आवाज घुमत आला. “भावोजी, आत कसला वास येतोय हो? औषधासारखा... खूप दिवस कुणी आजारी असलं, की त्या खोलीला येतो तसा.”

“झाकण लाव,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “झाकण...”

मी जाऊन त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. झाकण घेतलं, ठेवलं. ते सावकाशच खाली गेलं. त्याला कसली घाई नव्हती. मी वरून दाबत होतो आणि हवा त्याला तोलून धरत होती. हुस्स्स.

“...घातलीय, हवी असली तर आणखी देते,” ही म्हणाली आणि आत आली.

“काय हो भावोजी, कॉलर काय धरता? मी चोर आहे का?”

“पॉलिश ओलं आहे,” मी म्हणालो.

चहा घेताना तो पेटीवर टिचक्या मारत राहिला. ही त्याच्या मुलांची चौकशी करत होती. मी एक हात झाकणावरून काढला नाही.

त्या दिवसानंतर मी झाकणाला दोन बाजूंनी स्क्रू मारले. निकालात निघालेलं प्रकरण पुन्हा उघडायचं नसतं. ही मला स्क्रू मारताना पाहत होती. तिने खाली पडलेला एक स्क्रू उचलून माझ्या हातात दिला.

पण दमट हवेचे दिवस आले आणि लाकूड फुगलं. मोकळीक ठेवायला सांगितली होती, ती यासाठी, हे मला तेव्हा कळलं. झाकणाची कड जिथे संपते आणि पेटी जिथे सुरू होते, ती रेघच दिसेनाशी झाली. आतली खरखर खोल गेली, अडखळायला लागली. आणि हिचं गुणगुणणं थांबलं. ती भिंतीला हात लावून चालायची. जिन्याच्या मधल्या पायरीवर किल्ली संपलेल्या घड्याळासारखी उभी राहायची, मग आठवल्यासारखी पुढे निघायची. तक्रार कसली नाही. विचारलं तर म्हणायची, “जरा जड वाटतंय.” तिची नखं निळसर दिसत होती.

एका दुपारी आतली शीळ थांबली.

मी ती थांबण्याचा अर्थ ओळखतो. पण या वेळी बोलवायला गाडी नव्हती. कुणासाठी बोलवणार होतो? मी गिरमिट घेतलं, पेटी भिंतीपासून ओढली आणि मागच्या बाजूला, आत बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर भोक पाडायला सुरुवात केली. ती उंची मी मोजली नाही. हात आपला तिथेच गेला. शेवटचा वेढा बसला, गिरमिट आरपार गेलं, आणि मी ते मागे घेताच भुस्सा बाहेर येण्याऐवजी भोकातून आत ओढला गेला. सगळा. लांबलचक, अधाशी आवाज करत. मग आतून कुणीतरी खोकलं.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. थोड्या वेळाने गुणगुणणं सुरू झालं.

मी पेटीशेजारी जमिनीवर बसून राहिलो. भोकातून येणारी हवा माझ्या मनगटाला लागत होती. कोमट होती. खरखर अजून होतीच, म्हणून मी ड्रॉवरमधला जुना पंप आणला, भोकाला लावला आणि दोन फवारे दिले. थोड्या वेळाने श्वास सुटा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते भुश्शामुळे.

तेव्हापासून दुपारी मी खुर्ची टाकून तिथेच वाचतो. मोठ्याने वाचतो. एकटं बसून कंटाळा येत असेल. मी चुकीच्या ठिकाणी थांबलो की आतली शीळ जरा वाढते. त्यात घाबरण्यासारखं मला काही वाटत नाही. दम्यासोबत मी आयुष्य काढलं आहे. माझी बायको जिने चढते, हसते, माझ्याशी भांडते. घरातला दमाही घरात आहे. कुणी कुठे गेलेलं नाही. एखाद्या माणसाने आणखी काय मागायचं?

थंडी आली. रजया हिने स्वतः माळ्यावरून काढल्या, गच्चीत नेऊन काठीने बडवल्या. धुळीचे लोट उठले. ती त्या लोटांत उभी होती आणि मी कठड्यापाशी, रिकाम्या हाताने.

मध्यंतरी एका सकाळी चांगलंच गारठलं होतं. मी चहा केला आणि आम्ही कप घेऊन गॅलरीत उभे राहिलो. समोरचा पेपरवाला सायकलवरून गेला, त्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या. खालची शेजारीण अंगणात उभी राहून हिच्याशी बोलत होती. प्रत्येक शब्दाबरोबर तिच्या तोंडातून पांढरा ढग. मी हातांवर फुंकर मारली, माझाही ढग निघाला. ही कठड्यावरून वाकून बोलत होती. भाजीवाल्यापासून सुरू केलं, मग शेजारणीच्या सुनेवर आली, मग हसली, चांगली खळखळून.

तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.

मी बघत राहिलो. तिने बोलता बोलता माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे. मग खाली, शेजारणीच्या. तिने कप उचलला, एक मोठा घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला, गिळला आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, “चला, कामं पडलीत.” शब्दांबरोबर थोडीशी वाफ निघाली. विरळ, पण निघाली. नाटकात पहिल्यांदाच उभं राहिलेलं माणूस जमलं की विंगेत बघतं, तसं तिने माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं.

“कोमट झाला हो चहा,” ती म्हणाली. “उद्यापासून जरा गरम करत जा.”

“करतो.”

हल्ली मी तो उकळता देतो. कुणी दार वाजवलं, की दार उघडायला जाण्याआधी ती एक घोट घेते. कप कानाशिवाय मला धरवत नाही इतका तापलेला असतो.

तिला भाजत नाही.